एकाच घरातले दोघे

तलासरीहून महामार्गानं उत्तरेला निघालं की अच्छाडचा नाका लागतो. तो ओलांडला की गुजरात. पुढे भिलाड, मग वापी, आणि वापीहून समुद्राकडे वळलं की दमण. सगळं मिळून पस्तीस-चाळीस किलोमीटर. डहाणूकडची मंडळी सुट्टीच्या दिवशी दमणला कशाला जातात हे इथल्या कुणाला सांगायला नको. पण १८९७ साली या पोर्तुगीज बंदरात जो हिशेब मांडला गेला, तो आजही वाचण्यासारखा आहे.

त्या वर्षी दमणात प्लेग शिरला होता. वॉल्डेमार हाफकिन यांनी तिथे आपली नवी लस नेली. लोअर दमण म्हणून नोंदलेल्या भागात २,१९७ जणांनी ती टोचून घेतली, ६,०३३ जणांनी घेतली नाही. टोचलेल्यांपैकी ३६ दगावले. न टोचलेल्यांपैकी १,४८२. शेकड्यात सांगायचं तर एका बाजूला दोनहून कमी आणि दुसऱ्या बाजूला साडेचोवीस.

आकडे बोलके आहेत, पण कुठलाही खडूस परीक्षक इथेच थांबवेल. टोचून कुणी घेतलं? कदाचित सुखवस्तू, हवेशीर घरांत राहणाऱ्यांनी. आणि ज्यांनी घेतलं नाही ते आधीच आजारी, गरीब, दाटीवाटीत राहणारे असतील तर? मग फरक लशीचा की घराचा? हाफकिन यांना ही शंका कळत होती. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८९८ मध्ये, वडोद्याजवळच्या उंढेरा गावात त्यांनी वेगळी रीत धरली. प्रत्येक घरातल्या माणसांचे दोन भाग करायचे आणि निम्म्यांनाच टोचायचं. म्हणजे घर तेच, धान्याची कणगी तीच, उंदीर तेच. नंतर गावात प्लेग आला तेव्हा ज्या घरांत तो शिरला तिथले टोचलेले होते ७१, त्यातले ३ मेले. न टोचलेले होते ६४, त्यातले २६ मेले.

माझ्या मते दमणच्या हिशेबापेक्षा उंढेऱ्याचा हिशेब फार मोठा आहे, आकडे लहान असूनही. अर्ध्या कुटुंबाला मुद्दाम उघडं ठेवणं आज कुठल्याही नीतिसमितीला मान्य होणार नाही, हेही खरं. पण तुलना करायची तर दोघं एकाच घरातले हवेत, ही गोष्ट तिथे पक्की झाली. पुढे शंभर वर्षांनी हीच रीत जीवाणूंना लावली गेली. मधल्या काळातली बरीचशी वाट मुंबई ते सूरत या रेल्वेच्या आसपासच फिरते, आणि डहाणू रोड हे त्या वाटेवरचं जवळपास मधलं स्टेशन.

*

प्लेगनं मुंबईत पाय ठेवला तो मांडवीच्या धान्याच्या वखारींजवळ. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तिथल्या रुग्णांचा आजार गाठीचा प्लेग असल्याचं ठामपणे सांगितलं. मराठीत त्याला कुणी ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटलं, गावोगावी ‘गाठीचा ताप’ म्हटलं, आणि पुढची दोन-तीन दशकं ‘उंदीर पडायला लागले’ हे तीन शब्द ऐकू आले की लोक बिऱ्हाड उचलून माळावर झोपड्या घालू लागले. विद्वानांना उंदराचा संबंध पटायच्या आधी गावकऱ्यांना तो दिसला होता.

मुंबईतून जवळपास निम्मं शहर काही महिन्यांत बाहेर पडलं. बीबीसीआय रेल्वेनं १८६४ पासून मुंबई आणि सूरत जोडलेली होती. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा कोपरा, पालघर-डहाणू-घोलवड, गाडीच्या खिडकीतून मागे पडत होता. पाड्यापाड्यांत विखुरलेली, कारवीच्या कुडाची वारली घरं एका बाजूला आणि पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या बाजारपेठा, गिरण्या, चाळी दुसऱ्या बाजूला. प्लेगला दुसरी बाजू आवडते. तो माणसांच्या मागे जातो असं वाटतं, पण खरं तर तो धान्यामागे, धान्याच्या उंदरांमागे जातो.

रँड, सोजिरांची घरझडती, सेग्रेगेशनचे कँप, सावित्रीबाईंचा प्लेगच्या रुग्णाची सेवा करताना ओढवलेला मृत्यू, यावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. तुलनेनं प्रयोगशाळेतल्या गोष्टी मागे राहिल्या. उदाहरणार्थ, हाफकिन यांचं तूप. १८९६ च्या ऑक्टोबरात ते मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या छोट्याशा जागेत काम सुरू केलं आणि मांसाच्या रश्शात प्लेगचे जीवाणू वाढवू लागले. रश्शावर तुपाचे थेंब सोडले की जीवाणू त्यांना चिकटून खाली लोंबत वाढतात, गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे. तसं वाढलं तरच तो प्लेगचा, ही त्यांची ओळखीची खूण होती. मग उष्णता देऊन जीवाणू मारायचे आणि लस तयार. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई त्यांनी स्वतःच्या अंगात टोचली. तीन महिन्यांत लस! कोरोनाच्या वेळी आपण ज्या वेगाचं कौतुक केलं तो वेग एका माणसाच्या खोलीत त्याआधी सव्वाशे वर्षं गाठला गेला होता.

रोग पसरतो कसा, हे कोडं मात्र लशीनं सुटलं नव्हतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत एका बरणीत आजारी उंदीर आणि जाळीपलीकडे निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श नाही, पण पिसवा जाळीतून जाऊ शकतात. निरोगी उंदीर प्लेगनं मेला. बड्या मंडळींनी हे बरीच वर्षं हसण्यावारी नेलं. अखेर १९०५ पासून परळला जुन्या गव्हर्नमेंट हाउसात, जिथे हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली हलली होती, प्लेग संशोधन आयोगानं हा प्रश्न निकालात काढला. प्लेगच्या पिसवांनी भरलेल्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे टांगले. एक जमिनीपासून दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर. खालचा प्राणी मेला, वरचा जगला. उंदराची पिसू उडी मारते ती काही इंचच.

पुन्हा तीच रीत. खोली एक, हवा एक, प्राणी एकाच जातीचे. फरक फक्त उडीच्या उंचीचा.

*

आता प्रश्न उलटा झाला. पिसू रोग आणते हे कळलं, पण जीवाणूत असं काय आहे की ज्यामुळे हा एवढा प्राणघातक? १८९६ नंतर भारतात एक कोटीहून अधिक माणसं प्लेगनं गेली. दुसरे कितीतरी जीवाणू आपल्या आतड्यात गुण्यागोविंदानं राहतात.

जनुकं वाचता येण्याच्या कितीतरी आधी या प्रश्नाचं एक उत्तर रंगानं दिलं. १९५६ मध्ये इंग्लंडात जॅक्सन आणि बरोज यांनी रक्तातलं हेमिन मिसळलेल्या थाळीवर प्लेगचे जीवाणू वाढवले. बहुतेक ठिपके गडद तपकिरी आले, अधूनमधून एखादा पांढरा. तपकिरी जीवाणूंनी उंदीर पटापट मेले, पांढऱ्यांनी क्वचित. एकाच थाळीत, एकाच बीजातून वाढलेले दोघे. मग पांढऱ्या जीवाणूंबरोबर उंदराला लोह टोचलं, तर तेही मारू लागले! म्हणजे पांढऱ्यांनी गमावली होती ती शरीरातून लोह ओढून घेण्याची हातोटी. जनुकं वाचली गेली तेव्हा कळलं, की पांढऱ्यांमध्ये एक लाखाहून जास्त अक्षरांचा सलग तुकडाच गळून पडलेला असतो. मादागास्करमध्ये जिवंत लस म्हणून वर्षानुवर्षं वापरलेल्या जीवाणूतही हाच तुकडा नव्हता. २००९ साली शिकागो विद्यापीठातला एक संशोधक असल्याच ‘निरुपद्रवी’ जीवाणूवर काम करताना प्लेगनं गेला. त्याला अंगात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार होता. जीवाणूला जे स्वतः मिळवता येत नव्हतं, ते त्या शरीरात तयार होतं.

*

१९९४. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातून उंदीर आणि पिसवांच्या तक्रारी आल्या, पुढे गाठीच्या तापाचे रुग्ण. आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीनं सोडलेली घरं आणि त्यात साठवलेलं धान्य यांमुळे उंदीर माजले, असा तर्क तेव्हा मांडला गेला. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सूरतेत फुप्फुसाचा प्लेग आल्याची बातमी फुटली. पन्नासहून अधिक माणसं दगावली. काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून निघाले. टेट्रासायक्लीनच्या गोळ्या औषधांच्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या. परदेशांनी भारताची विमानं बंद केली.

सूरतेहून मुंबईकडे येणारी प्रत्येक गाडी डहाणू रोडवरून जाते, आणि प्रत्येक बस-ट्रक अच्छाड-तलासरीवरून. १८९६ मध्ये पळणाऱ्यांची दिशा मुंबईकडून उत्तरेला होती, या वेळी उत्तरेकडून मुंबईला. वाट तीच. तलासरी-उंबरगावच्या मजुरांची रोजची ये-जा वापीच्या कारखान्यांकडे, म्हणजे बरोबर या वाटेवर. मुंबईत वा इथे पुढे साथ पेटली नाही. पण वाटेवरच्या गावांना तेव्हा ते कुठे ठाऊक होतं?

साथ ओसरली आणि भांडण सुरू झालं. हा प्लेग होताच का? १९६६ नंतर देशात प्लेगचा पक्का रुग्ण नोंदलेला नव्हता. प्लेगवर लक्ष ठेवणारी जुनी यंत्रणा मोडीत निघालेली, थुंकीतून जीवाणू वाढवण्याचा सराव गेलेला. सूरतेच्या फार थोड्या नमुन्यांतून जीवाणू हाती लागले. कुणी म्हणालं लेप्टोस्पायरोसिस, कुणी हंताविषाणू. व्यापारी नुकसान कोट्यवधींचं, त्यामुळे ‘प्लेग नव्हताच’ असं ठरलं तर हायसं वाटणारे पुष्कळ होते. सरकारनं डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं प्लेगचाच कौल दिला. तरी कुरबुर थांबली नाही.

निकाल लागला तो जनुकांच्या तुलनेनं. १९९६ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या एस. के. पांडा आणि सहकाऱ्यांनी सूरत आणि बीड इथल्या जीवाणूंत प्लेगची खास जनुकं शोधून दाखवली. २००० मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतले एस. शिवाजी आणि सहकारी यांनी सूरत आणि बीडच्या जीवाणूंचं १६एस जनुक अक्षरशः वाचून काढलं, शिवाय डीएनएच्या तुकड्यांच्या पट्ट्या ओळखीच्या प्लेगच्या जीवाणूशी पडताळल्या. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच, येर्सिनिया पेस्टिस.

यात एक गोम आहे, आणि पुढची सगळी कथा त्या गोमेतच आहे. जीवाणूंची ओळख पटवायला १६एस हे जनुक जगभर वापरतात, आधारकार्डासारखं. पण प्लेगच्या जीवाणूला एक भाऊ आहे, येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस. दोघांचं १६एस जवळजवळ अक्षर न अक्षर सारखं. हा भाऊ दूषित अन्न-पाण्यातून पोटात जातो, ताप आणि पोटदुखी देतो, आणि बहुतेक वेळा आपोआप निघून जातो. नुसत्या १६एसवर विसंबलं तर या दोघांत गफलत होऊ शकते. म्हणून प्लेगपाशी असलेली आणि भावापाशी नसलेली जनुकं तपासणं अटळ होतं. अशी जनुकं सापडतात ती मुख्य गुणसूत्राबाहेरच्या दोन छोट्या डीएनएच्या वेटोळ्यांवर. त्यांना प्लास्मिड म्हणतात.

*

मार्क आख्टमान आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये काही जनुकांची तुलना करून दाखवलं, की प्लेगचा जीवाणू हा या सौम्य भावाचीच एक अगदी अलीकडे फुटलेली शाखा आहे, गेल्या १,५०० ते २०,००० वर्षांतली. जीवाणूंच्या पंचांगात ही कालची गोष्ट. म्हणजे उंढेऱ्याच्या घरासारखी जोडी निसर्गानंच तयार ठेवलेली होती: रक्त एक, घर एक, पण एकाचा स्वभाव भयंकर.

२००१ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या सँगर सेंटरमधल्या ज्युलियन पार्कहिल आणि सहकाऱ्यांनी प्लेगच्या जीवाणूचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध केला. सुमारे ४६.५ लाख अक्षरांचं गुणसूत्र आणि तीन प्लास्मिडं. हा जीवाणू १९९२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोत मांजरापासून प्लेग होऊन मेलेल्या रुग्णाचा. तरी तो आपल्याला परका नाही. हाँगकाँगहून १८९४ नंतर जहाजांतून जगभर गेलेली जी साथ मुंबईत उतरली, तीच पुढे सॅन फ्रान्सिस्कोला पोचली होती. २००४ मध्ये पॅट्रिक चेन आणि सहकाऱ्यांनी सौम्य भावाचाही पूर्ण जीनोम वाचला आणि दोन पोथ्या शेजारी-शेजारी उघडल्या.

अपेक्षा अशी, की प्लेगच्या पोथीत जादा पानं भरपूर असणार. विषाची, हल्ल्याची, खास मारक. निघाली ती दोन प्लास्मिडं आणि गुणसूत्रावरची अवघी ३२ जनुकं. एवढंच नवं सामान. उलट भावाची ३१७ जनुकं प्लेगपाशी नव्हतीच, आणि आणखी कितीतरी जागेवर असूनही निकामी. भावाच्या जनुकांपैकी सुमारे १३ टक्के प्लेगमध्ये काम करत नाहीत.

घोलवडच्या चिकूवाडीत कलम बांधणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. रायणीच्या खुंटावर चिकूचं कलम बांधतात. खुंट जुना, चिवट, तर फळ वरच्या काडीचं. पण काडी बांधून काम संपत नाही. खुंटाला खालून फुटणारे रायणीचे धुमारे सतत छाटत राहावे लागतात, नाहीतर कलम जोर धरत नाही. प्लेगच्या जीवाणूनं दोन काड्या बांधून घेतल्या आणि खुंटाचे शेकडो धुमारे गळू दिले.

काड्या कोणत्या? लहान प्लास्मिडवर एक जनुक आहे, ‘पीएलए’. त्यापासून बनणारं प्रथिन आपल्या रक्तातली गुठळी विरघळवणारी यंत्रणा चालू करतं आणि जीवाणूला चाव्याच्या जागेवरून आत शिरायला वाट मिळते. १९९२ च्या प्रयोगात हे जनुक काढून टाकल्यावर उंदराला त्वचेखालून टोचून मारायला सुमारे दहा लाख पट जास्त जीवाणू लागले. मोठ्या प्लास्मिडवर दोन गोष्टी. एक, जीवाणूला वेष्टण देणारं ‘सीएएफ१’, ज्याच्या प्रथिनावर आज प्लेगची झटपट चाचणी चालते. दुसरी, ‘वायएमटी’. तिला बरीच वर्षं ‘उंदराचं विष’ म्हणत, कारण प्रयोगात उंदीर तिनं मरत. जोसेफ हिनेबुश यांनी २००२ मध्ये दाखवलं, की तिचं खरं काम उंदरात नाहीच. पिसवेच्या पोटात जीवाणू जगावा यासाठी ती आहे. ती नसली तर जीवाणू पिसवेत पचून जातो.

कांस्ययुगातल्या माणसांच्या दातांतून मिळालेले प्लेगचे तोवरचे सगळ्यात जुने जीनोम २०१५ मध्ये वाचले गेले, तर त्यांत ‘वायएमटी’ नाही. तेव्हा प्लेग होता, पण पिसवेतून सहज पसरणारा नव्हता. परळच्या पिंजऱ्यातला प्रयोग चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या जीवाणूवर केला असता, तर दोन इंचांवरचाही प्राणी बहुधा वाचला असता.

आणि धुमारे? त्यातला एक हिनेबुश यांच्याच प्रयोगशाळेत, अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, २०१४ मध्ये तपासला गेला. युरिएज नावाचं विकर बनवायला लागणारं ‘युरेडी’ हे जनुक. प्लेगच्या जीवाणूत ते पूर्ण आहे, फक्त मध्ये एक अक्षर जादा पडलं आहे, त्यामुळे पुढचं सगळं वाचन बिघडतं आणि युरिएज बनत नाही. सौम्य भाऊ पिसवेच्या पोटात गेला, की हे विकर पिसवेलाच मारतं. इमान शुईखा आणि हिनेबुश यांनी प्लेगच्या जीवाणूतलं ते जादा अक्षर काढून जनुक दुरुस्त केलं आणि काही पिसवांना दुरुस्त जीवाणू पाजला, काहींना नेहमीचा. नेहमीचा प्यालेल्या पिसवा दुसऱ्या दिवशी टुणटुणीत होत्या. दुरुस्त प्यालेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मेल्या.